पेंडलचा डोंगर आणि कारकुनाचे पुस्तक

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात पेंडल नावाचा एक डोंगर आहे. उंची ५५७ मीटर. सह्याद्रीत पायपीट करणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण पेनाइन रांगेपासून हा डोंगर सुटा उभा आहे, भोवती सखल खोरी आहेत, त्यामुळे पालथ्या होडीसारखी त्याची पाठ फार लांबून ओळखू येते. त्याच्या नावात एक गंमत आहे. जुन्या कुंब्रिक भाषेत ‘पेन’ म्हणजे डोंगरमाथा. नंतर आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्यांना हा अर्थ कळेना, म्हणून त्यांनी मागे आपला ‘हिल’ जोडला. ते दोन शब्द झिजून ‘पेंडल’ झाले, त्यातला ‘हिल’ ऐकू येईनासा झाला, तेव्हा पुन्हा एक ‘हिल’ लावला गेला. आज ‘पेंडल हिल’ म्हणणारा माणूस नकळत डोंगर-डोंगर-डोंगर असे तीनदा म्हणत असतो.

या डोंगराच्या कथांचेही असेच काहीसे झाले आहे. जुने ऐकू येईनासे झाले, त्यावर नवे चढले, आणि लोक नव्यालाच मूळचे समजू लागले. पेंडल म्हटले की चेटकिणी, हे समीकरण इंग्लंडमध्ये इतके घट्ट आहे की ती तिथली पुरातन लोककथा असल्याचे सर्रास सांगितले जाते. ही ‘लोककथा’ तोंडातोंडी चालत आलेली नसून ती एका न्यायालयीन कारकुनाच्या छापील पुस्तकातून निघाली, दोनशे छत्तीस वर्षांनी एका कादंबरीकाराने ती डोंगरभर पसरवली, आणि मगच ती लोकांची झाली, असे मला या लेखात मांडायचे आहे. हा फरक अभ्यासकांच्या हौसेपुरता नाही. कथा म्हटले की माणसे पात्रे होतात आणि त्यांच्याविषयी कोणी जाब विचारत नाही.

मी विद्यापीठातला माणूस नव्हे. नोकरी सांभाळून, मिळतील ती जुनी पुस्तके वाचत या विषयाकडे आलो. पेंडलवर जाण्याआधी त्याचा खटला वाचलेला होता, त्यामुळे मँचेस्टरजवळ राहणाऱ्या भाच्याकडे गेलो तेव्हा पहिल्याच कोरड्या दिवशी बार्ली गाव गाठले. तिथून दगडी पायऱ्यांची एक उभी वाट ‘बिग एंड’ नावाच्या तोंडाने थेट माथ्यावर जाते. दम लागतो, पण वाट लांब नाही. पायऱ्या संपल्या की ‘मूर’ सुरू होते. याला मराठीत नेमका शब्द नाही. कोकणातला सडा त्यातल्या त्यात जवळचा. तोही असाच वाऱ्याला उघडा आणि झाडांवाचूनचा. पण सड्याखाली कातळ असतो, तर मूरखाली पीट, म्हणजे हजारो वर्षे अर्धवट कुजून साठत गेलेला काळा ओला थर. फरसबंदी सोडून पाऊल टाकले की ते घोट्यापर्यंत जाते. वर गवत, हेदरची झुडपे, आणि माथ्यावर मोजणीचा सिमेंटचा खांब.

दृश्य मात्र मोठे आहे. उत्तरेला यॉर्कशायरचे इंगलबरो आणि पेन-इ-गेंट, वायव्येला बोलंडचे डोंगर, पश्चिमेला हवा स्वच्छ असेल तर आयरिश समुद्राची रेघ आणि ब्लॅकपूलचा मनोरा. दक्षिणेला बर्नली, नेल्सन ही एके काळची गिरणगावे. लँकेशायर हे नाव मराठी वाचकाला माहीत आहे ते या गावांमुळेच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद झाला, तेव्हा मुंबई बंदरातून गेलेल्या कापसावर लँकेशायरच्या गिरण्या कशाबशा चालत होत्या, आणि त्यात वऱ्हाड-खानदेशचा कापूसही होता. पण डोंगराखालच्या दुकानात, वाटेवरच्या खुणेच्या पाट्यांवर आणि मँचेस्टरहून येणाऱ्या बसच्या नावात गिरणी नसते. तिथे असते टोकदार टोपीतली, झाडूवर बसलेली बाई. ‘पेंडल वे’ या पायवाटेची अधिकृत खूणसुद्धा तीच.

या चित्रातली टोपी आणि झाडू १६१२ च्या खटल्यात कुठेही नाहीत. तिथे काय आहे ते पाहू.

२१ मार्च १६१२ रोजी ॲलिझन डिव्हाइस नावाच्या भीक मागणाऱ्या मुलीला कोल्न गावाजवळ जॉन लॉ हा फेरीवाला भेटला. तिने टाचण्या मागितल्या, त्याने गाठोडे सोडायला नकार दिला, आणि थोड्याच वेळात तो कोसळला. त्याची एक बाजू लुळी पडली, बोलणे अडखळू लागले. आजचा कोणताही डॉक्टर याला पक्षाघात म्हणेल. ॲलिझनने मात्र ते स्वतःच्या रागाचे फळ मानले आणि लॉची क्षमा मागितली. रॉजर नॉवेल या स्थानिक दंडाधिकाऱ्याने चौकशी सुरू केली. ॲलिझनच्या जबानीत तिची आजी एलिझाबेथ सदर्न्स ऊर्फ ‘डेमडाइक’ आली, मग शत्रुपक्षातली म्हातारी ॲन व्हिटल ऊर्फ ‘चॅटॉक्स’ आली, आणि जाळे पसरत गेले. डेमडाइक ऐंशीच्या घरातली, आंधळी. ती खटल्याआधीच लँकेस्टरच्या तुरुंगात मेली. १८ आणि १९ ऑगस्टला खटला चालला. २० ऑगस्टला दहा जणांना फाशी दिले गेले: आठ बायका, दोन पुरुष. या प्रकरणातली आणखी एक बाई, जेनेट प्रेस्टन, हिला जुलैतच यॉर्कला फाशी झाली होती.

हे सगळे आपल्याला माहीत आहे ते टॉमस पॉट्स या न्यायालयीन कारकुनामुळे. न्यायमूर्तींच्या सांगण्यावरून त्याने खटल्याचा वृत्तांत लिहिला, न्यायमूर्ती एडवर्ड ब्रॉम्ली यांनी तो तपासून दुरुस्त केला, आणि १६१३ साली लंडनमध्ये ‘द वंडरफुल डिस्कव्हरी ऑफ विचेस इन द काउंटी ऑफ लँकेस्टर’ या नावाने तो छापला गेला. पुस्तक अर्पण केले आहे टॉमस निव्हेट यांना. १६०५ चा दारूगोळ्याचा कट उधळताना गाय फॉक्सला पकडण्यात यांचा हात होता. राजा पहिला जेम्स याने स्वतः चेटकाविषयी ‘डेमनॉलॉजी’ हा ग्रंथ १५९७ साली लिहिलेला. पॉट्सच्या पुस्तकाला वरून कोण पाहत होते, हे एवढ्यावरून कळते.

हे पुस्तक वाचताना पहिली गोष्ट लक्षात येते ती त्याची रचना. ते न्यायालयात बोलल्या गेलेल्या शब्दांची नोंद असल्याचा आव आणते. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग म्हणजे खटल्याआधी दंडाधिकाऱ्यासमोर घेतलेल्या जबान्या, निवडून आणि क्रम लावून मांडलेल्या. मॅरियन गिब्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे काळजीपूर्वक दाखवून दिले आहे. जबानी म्हणजे उत्तर. तिच्या आधीचा प्रश्न कागदावर नाही. ‘तुझ्याकडे भूत कोणत्या रूपात आले?’ असे विचारले तर ‘कुत्र्याच्या रूपात’ हे उत्तर येते. प्रश्न गाळला की तेच उत्तर बाईने आपण होऊन सांगितलेली अद्भुत कथा वाटू लागते. डेमडाइकचा ‘टिब’, अर्धा काळा अर्धा तपकिरी अंगरखा घातलेला मुलगा, हा पेंडलच्या लोककथेतला सर्वांत लाडका नमुना. त्याचा उगम एका आंधळ्या म्हातारीच्या चौकशीत आहे. १६०४ च्या कायद्याने दुष्ट आत्म्याला पाळणे, त्याला खाऊ घालणे हाच मोठा गुन्हा ठरवला होता. तेव्हा असे भूत जबानीत येणे चौकशी करणाऱ्याला आवश्यकच होते.

दुसरी गोष्ट साक्षीची. मुख्य साक्षीदार होती जेनेट डिव्हाइस, ॲलिझनची धाकटी बहीण, वय नऊच्या आसपास. तिला पाहताच आई किंचाळू लागली, तेव्हा आईला न्यायालयाबाहेर नेण्यात आले आणि मुलीला सर्वांना दिसावी म्हणून मेजावर उभे करण्यात आले. तिच्या साक्षीवर तिची आई, भाऊ आणि इतर अनेक फासावर गेले. लहान मुलांची साक्ष अशा खटल्यांत चालते, असे जेम्स राजाच्या पुस्तकात होतेच. पॉट्सच्या पुस्तकाने त्याचा नमुना घालून दिला, आणि पुढे मायकेल डाल्टन यांनी दंडाधिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथात त्याचा आधार घेतला गेला. १६३४ साली एडमंड रॉबिन्सन नावाच्या मुलाच्या सांगण्यावरून पेंडलमध्येच पुन्हा धरपकड झाली. त्या आरोपींत एक नाव जेनेट डिव्हाइस होते. मुलाने नंतर सारे रचल्याचे कबूल केले.

पॉट्सला बाजूला ठेवून या जबान्या वाचल्या तर त्यात एक वेगळे गाव दिसते. त्यात मोजमाप आहे, देणेघेणे आहे. डेमडाइकच्या घरातून कापड आणि ओटचे पीठ चोरीला गेले, त्यातली टोपी चॅटॉक्सच्या मुलीच्या डोक्यावर दिसली. चॅटॉक्सने आपले काही वाईट करू नये म्हणून ॲलिझनचा बाप तिला दरवर्षी ओटच्या पिठाचे एक माप देत असे. एका वर्षी ते चुकले, आणि तो मरण्यापूर्वी त्याच कारणाने मरत असल्याचे सांगून गेला. डेमडाइकच्या मुलीने गिरणीवाल्याकडे काम केले होते. मजुरी मागायला गेल्यावर त्याने दोघींना शिव्या देऊन आपल्या जमिनीवरून हाकलले. म्हणजे टाचण्या, पीठ, मजुरी. चेटकाच्या या जगप्रसिद्ध खटल्याचा कच्चा माल एवढाच आहे. ज्यांच्याजवळ शाप देण्यापलीकडे काही नव्हते, त्यांचा शाप शेजाऱ्यांनी खरा मानला. बहुधा त्यांनी स्वतःही मानला. म्हणूनच ॲलिझन न्यायालयात लॉला पाहून गुडघे टेकून रडली. पॉट्स हे लिहितो, कारण त्याला ती कबुलीची शोभा वाटते. मला तो त्या पुस्तकातला सर्वांत खरा क्षण वाटतो.

जबान्यांत काही मंत्रही आहेत. बिघडलेली बिअर सुधारण्यासाठी चॅटॉक्सने म्हटलेला मंत्र, डिव्हाइस घराण्यातली गुड फ्रायडेची प्रार्थना. पॉट्सने ते चेटकाचा पुरावा म्हणून छापले. वाचून पाहिले तर त्या जुन्या कॅथॉलिक प्रार्थनांच्या मोडक्या आठवणी आहेत, धर्मसुधारणेनंतर बंदी आलेल्या. आपल्याकडे आजी दृष्ट काढताना जे पुटपुटते, त्याच जातीचे हे. पेंडलच्या बायकांचे खरे मौखिक साहित्य या पुस्तकात कुठे उरले असेल तर या चार-दोन तुकड्यांत उरले आहे, आणि नेमके तेच आजच्या ‘लोककथे’त कोणी सांगत नाही.

मग आजची कथा आली कुठून? इथे दुसरा लेखक येतो. १८४५ साली जेम्स क्रॉसली यांनी चेटम सोसायटीसाठी पॉट्सचे पुस्तक पुन्हा छापले. त्यांचे मित्र विल्यम हॅरिसन एन्सवर्थ, मूळ मँचेस्टरचे, तेव्हा लोकप्रिय कादंबरीकार होते. त्यांची ‘द लँकेशायर विचेस’ १८४८ साली ‘संडे टाइम्स’मध्ये क्रमशः आणि १८४९ साली पुस्तकरूपाने आली. तिची सुरुवात होते १५३६ च्या बंडाच्या काळी पेंडलच्या माथ्यावर पेटवायच्या इशाऱ्याच्या अग्नीपासून. व्हॉली मठाचा प्रमुख पॅस्ल्यू तान्ह्या डेमडाइकला शाप देतो आणि पुढचे सारे त्या शापातून घडते.

एन्सवर्थचे श्रेय नाकारता येणार नाही. डोंगराला रंगभूमी करून त्याच्यावरून चारी दिशांचा मुलूख दाखवण्याची त्याची हातोटी खरी आहे. माथ्यावर उभे राहिल्यावर त्याची आठवण येते. पण त्याने केलेला एक बदल मला कादंबरीची चावी वाटतो. त्याची नायिका ॲलिझन गोरीगोमटी, निष्पाप आणि कुलीन आहे. ती डिव्हाइसांच्या घरात वाढली खरी, पण खरी मुलगी श्रीमंत ॲलिस नटरची. म्हणजे टाचण्या मागणाऱ्या भिकारी मुलीचे नाव काढून घेतले आणि ते एका वारसदार सुंदरीला दिले. वाचकाची सहानुभूती हवी तर मुलगी वरच्या कुळातली असली पाहिजे, हा त्याचा हिशेब. उरलेल्या भिकारणींना त्याने खरोखरच्या चेटकिणी करून टाकले. पॉट्सने आरोप ठेवला होता, एन्सवर्थने तो कथानकात सिद्ध केला. शापाने सुरुवात केल्यामुळे पीठ, मजुरी, चोरी ही कारणेच नाहीशी झाली.

यानंतर कथा डोंगरावर उतरली, ती नावांच्या वाटेने. डेमडाइकच्या घराला पॉट्सने ‘मॉल्किन टॉवर’ म्हटले आहे. ते नेमके कुठे होते याचा पत्ता आज लागत नाही. ब्लॅको टेकडीवर १८९० च्या सुमारास एका किराणा व्यापाऱ्याने हौसेने बांधलेला दगडी बुरूज आहे. कित्येक प्रवासी तोच मॉल्किन टॉवर समजून फोटो काढतात. २०११ साली बार्लीजवळच्या जलाशयापाशी खोदकामात सतराव्या शतकातले एक घर सापडले आणि त्याच्या भिंतीत चिणलेले मांजर. वृत्तपत्रांनी लगेच ते ‘चेटकिणीचे घर’ करून टाकले.

इथे माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. पुस्तकात आले म्हणून डोंगरावर चढले, तर बाकीची पुस्तके का चढली नाहीत? १६५२ साली जॉर्ज फॉक्स पेंडल चढला, वरून त्याला समुद्र दिसला आणि मोठा जनसमुदाय गोळा होणार असल्याचे दर्शन घडले. क्वेकर पंथ आपल्या आरंभाच्या आठवणींत ही चढण मानाने सांगतो. त्याची रोजनिशी १६९४ साली छापली गेली, खूप वाचली गेली. ज्या झऱ्याचे पाणी तो उतरताना प्यायला, त्याला आज ‘फॉक्सची विहीर’ म्हणतात. १६६१ साली रिचर्ड टाउनली आणि हेन्री पॉवर हे दोघे पारा भरलेली नळी घेऊन याच डोंगरावर आले. पायथ्याशी आणि माथ्यावर पाऱ्याची उंची आणि नळीत कोंडलेल्या हवेचे आकारमान त्यांनी मोजले. दाब आणि आकारमान यांचा त्यांनी जोडलेला संबंध रॉबर्ट बॉईल यांनी पुढे टाउनली यांच्या नावाचा उल्लेख करून मांडला. आपल्या शाळांत शिकवतात त्या बॉईलच्या नियमाचा एक पाय असा पेंडलवर आहे. पॉवर यांचे पुस्तक १६६४ साली निघाले. त्याची मात्र डोंगरावर एकही कथा नाही.

माझ्या मते उत्तर असे. कथा टिकायला पुस्तकाबरोबर ती सांगत राहणारे कोणी तरी लागते. फॉक्सला पंथ होता. टाउनलीला पंथही नव्हता आणि त्याच्या कृतीत भय नव्हते. पॉट्सच्या पुस्तकात गावांची, वाड्यांची, कुटुंबांची नावे आहेत आणि नटर हे आडनाव त्या भागात आजही ऐकू येते. ओळखीच्या नावाला भीती चिकटली की कथा जागा धरते. तेव्हा माझे विधान थोडे नेमके करून असे सांगता येईल: डोंगराने चेटकिणी दिल्या नाहीत, पुस्तकाने दिल्या, आणि गावाच्या नावांनी त्या टिकवल्या.

खरोखर तोंडी वाटणाऱ्या कथाही पेंडलला आहेत. सैतान डोंगरावरून क्लिदरोच्या किल्ल्यावर दगड फेकत होता. एक दगड किल्ल्याला भोक पाडून गेला, मग त्याच्या ओच्याची दोरी तुटली आणि उरलेले दगड जागीच सांडले. तो ढिगारा ‘डेव्हिल्स एप्रनफुल’ म्हणून दाखवतात. आपल्याकडे भीमाच्या पावलांच्या, राक्षसाच्या लाथेच्या ज्या कथा आहेत, त्यांची ही सख्खी बहीण. माथ्यावर ढग बसला की पाऊस येणार, असा एक पडताळाही आहे. या कथांमुळे कोणाच्या गळ्यात दोर पडला नाही. लोककथा आणि आरोपपत्र यांत मला जाणवणारा हा मोठा फरक आहे, आणि दोन्ही एकाच मथळ्याखाली छापण्याची सवय अभ्यासकांनी सोडायला हवी.

हे मी इंग्लंडच्या अभ्यासकांना शिकवायला सांगत नाही. त्यांनी या दिशेने बरेच काम केले आहे. मला चिंता आपल्या लिखाणाची आहे. नोकरीतल्या बदलीमुळे काही वर्षे मी नंदुरबार जिल्ह्यात होतो. तिथे एका पाड्यावर मला दुरून एक घर दाखवण्यात आले. ‘तिथली बाई डाकीण आहे,’ एवढेच सांगणाऱ्याने सांगितले. ओळख वाढल्यावर बाकीचे कळले: बाई विधवा, नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीवरून दिराशी वाद, आणि शेजारचे मूल तापाने गेलेले. पुढे त्या भागातल्या लोकसमजुतींवरचा एक लेख वाचनात आला. त्यात ओळ होती की या भागात डाकिणीवर लोकांचा विश्वास आहे. वाक्य व्याकरणाने शुद्ध होते. त्यात बाई नव्हती, जमीन नव्हती, दीर नव्हता.

मराठीत ‘चेटकीण’ हा शब्द बालकथांनी इतका गुळगुळीत केला आहे की त्यात जिवंत बाई दिसतच नाही. ‘हडळ’ तर मेलेलीच असते. ‘डाकीण’ मात्र सातपुड्यात अजून एखाद्या जिवंत बाईच्या दारापर्यंत पोहोचणारा शब्द आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात एखादी व्यक्ती करणी, काळी जादू करते असे जाहीर करून तिला त्रास देणे हा गुन्हा आहे. कायद्याला जे कळले ते लोकसाहित्याच्या संग्राहकाला कळायला हरकत नाही. ‘असे म्हणतात’ हे शब्द लिहिताना कोण म्हणते, कोणाविषयी म्हणते, आणि तसे म्हटल्यामुळे तिचे काय झाले, हे तीन प्रश्न नोंदवहीत लिहून ठेवावेत. उत्तरे न मिळाली तरी प्रश्न गाळू नयेत. पॉट्सने नेमके तेच गाळले होते.

१९९८ साली पेंडलच्या फाशी गेलेल्यांना माफी द्यावी असा अर्ज ब्रिटनच्या गृहमंत्र्यांकडे गेला होता. शिक्षा कायम ठेवण्याचा निर्णय झाला. २०१२ साली, खटल्याला चारशे वर्षे झाली तेव्हा, डोंगराच्या उतारावर १६१२ हा आकडा अवाढव्य अक्षरांत उमटवण्यात आला, आणि रफ्ली गावात एक पुतळा उभा राहिला. झाडू नाही, टोपी नाही, साधे कपडे, हात साखळीने बांधलेले. पुतळा चांगला आहे. तो ॲलिस नटरचा आहे, म्हणजे आरोपींतल्या एकमेव सधन बाईचा. टाचण्या मागणाऱ्या ॲलिझनचा पुतळा मला पेंडलच्या पायथ्याच्या गावांत कुठे दिसला नाही.